ढगांआडचे जंगल

उपग्रहाने टिपलेल्या चित्रांतील ढग संगणकाकडून पुसून घेऊन खालची जमीन दाखविण्याची विद्या अलीकडे बरीच पुढे गेली आहे. कोकणाला तिचे अगत्य विशेष. युरोपचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या माथ्यावरून जातात. पण पावसाळ्यात त्यांना पनवेल-उरण पट्ट्यात बहुधा ढगांची पाठच दिसते. आपले वनसर्वेक्षणही म्हणूनच मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या चित्रांवर विसंबते. डोंगर पोखरणारास आणि खारफुटीवर भराव टाकणारास हे चार महिने सोयीचे पडावेत, यात नवल नाही.

तेव्हा या विद्येचे स्वागत केलेच पाहिजे. मात्र तिचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. ‘डीप लर्निंग’ या पद्धतीत यंत्र ढगाळ व निरभ्र चित्रांच्या हजारो जोड्यांवरून शिकते आणि झाकलेल्या जागी काय असावे, याचा अदमास रंगविते. दाट ढगाखालचे त्याला प्रत्यक्ष दिसत नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०२० साली या कामी रडारची जोड दिली. रडारच्या लहरी ढग भेदून जातात. त्यामुळे अदमास सुधारतो. पण तो अदमासच राहतो. जुलैत तोडलेल्या रानाच्या जागी यंत्राने पूर्वीचेच हिरवे रान रंगविले, तर तोडणाराला याहून उत्तम साक्षीदार कोणता हवा?

चिरनेरला हा प्रश्न परका नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. रान कोणाचे, हे सरकारी कागदाने परस्पर ठरवावे, हेच त्यांना मान्य नव्हते. त्याच गावच्या रानाचा निवाडा उद्या रंगविलेल्या चित्रावर होणे उचित नव्हे.

आमची मागणी साधी आहे. यंत्राने भरलेला प्रत्येक भाग चित्रावर स्पष्ट दाखवावा. मूळ ढगाळ चित्र व रडारची नोंद सोबत जपून ठेवावी. आणि संशय येताच ग्रामस्थांसमक्ष जागेवर पंचनामा करावा. भारत व अमेरिका यांचा ‘निसार’ हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला आहे. तेव्हा साधन नाही, ही सबबही आता उरलेली नाही. यंत्राने इशारा जरूर द्यावा. साक्ष मात्र जमिनीचीच घेतली पाहिजे.