विमा नव्हता म्हणून घरी बसू नका

पीकविमा काढला नव्हता, आता कसलं काय मिळणार, असं म्हणून कपाळाला हात लावू नका. विमा वेगळा, सरकारचं अनुदान वेगळं. अतिवृष्टीत ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं, तर विमा नसला तरी अनुदान मिळतं.

किती मिळतं, ते आधीच माहीत असू द्या. आपत्ती निधीचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० आहे. मर्यादा २ हेक्टरची. २०२५ च्या अतिवृष्टीच्या मदतीसाठी राज्याने ती ३ हेक्टर केली होती. दोन एकर कोरडवाहू कपाशी गेली, तर हातात ६,८०० च्या आसपास येतात. बी-खताचाही खर्च निघत नाही, खरं आहे. तरी सोडू नका. रब्बीच्या बियाण्यासाठी तेवढीच उसनवारी कमी.

पाणी ओसरलं की शेतात जाऊन फोटो काढून ठेवा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला येतील, तेव्हा घरातलं कोणीतरी बांधावर हवंच. गट नंबर, पीक, क्षेत्र काय लिहिलं ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत न्या. माती खरडून गेली, गाळ साचला, जनावर दगावलं, तर तेही सांगा. त्याची मदत पिकाहून वेगळी असते.

पंचनाम्यानंतर अनुदानाच्या यादीत नाव लागलं, की काम झालं असं समजू नका. पैसे अडतात ते इथून पुढे.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तुम्ही पासबुक घेऊन जिल्हा बँकेत खेटे घालता आणि रक्कम पडलेली असते भलत्याच बँकेत, कधीकाळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेल्या खात्यात! म्हणून आधी सेवा केंद्रात किंवा बँकेत विचारा, माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय? ते खातं बंद पडलं असेल तर चालू करून घ्या. यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. ई-केवायसी करायला सांगितली तर तोच लागतो.

सातबारा भावाभावांत सामायिक असेल, तर एकाच्या खात्यात रक्कम घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. बोलणं बंद असेल तर या एका कागदापुरतं तरी बोला. वडील वारले असतील आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारस नोंदीचा अर्ज आजच द्या.

बटाईने कसणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला जातात, घाम कोणाचाही असो. तेव्हा मालकाशी वाटणीचं आधीच ठरवून घ्या, चार माणसांसमोर.

‘पैसे काढून देतो, टक्का द्या’ म्हणणारा कोणी येईलच. त्याला ओटीपी सांगू नका, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

अनुदानाची रक्कम कर्जात वळती करू नये, असं सरकार बँकांना बजावत असतं. तरी कापली गेली, तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना. दोन्हीकडची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.