आई, लेक आणि नातीच्या मशिदी

जुनी वास्तू दिसली की आपण पटकन विचारतो, ‘कुठल्या राजानं बांधली हो?’ मैत्रिणींनो, भोपाळला गेलात तर हा प्रश्न जरा बदलून विचारा. तिथल्या तीन मोठ्या मशिदी एकाच घरातल्या आई, लेक आणि नात अशा तिघींच्या आहेत. आणि तिघींनीही भोपाळ संस्थानचा कारभार पाहिलेला!

चौक बाजारातली जामा मशीद कुदसिया बेगमांची. १८५७ मध्ये पूर्ण झाली. त्यांची लेक सिकंदर बेगम. त्यांनी १८६० मध्ये मोती मशीद बांधली. दिल्लीच्या जामा मशिदीच्या धर्तीची, पण आटोपशीर. सिकंदर बेगमांची लेक शाहजहान बेगम. त्यांनी तर ताज-उल-मसाजिद, म्हणजे ‘मशिदींचा मुकुट’च उभारायला घेतला. गुलाबी दर्शनी भाग, तीन भलेमोठे घुमट, दोन अठरा मजली मिनार आणि हौद असलेलं ऐसपैस अंगण!

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथला जनाना सज्जा. त्या काळी बायका बहुतेक घरीच नमाज पढत. तरीही बेगमांनी त्यांच्यासाठी मशिदीत जागा ठेवली. आपल्याकडे घराचा नकाशा काढताना ओटा कुठं हवा, हे तरी किती जणींना विचारतात? नकाशा बाईच्या हाती आला की तिला बाकीच्या बायका आठवतात, त्या अशा.

कुणी म्हणेल, सत्ता होती, पैसा होता, म्हणून जमलं. खरंय. पण सत्ता नि पैसा तर कितीतरी राजांकडेही होता. बायकांसाठी जागा त्यातल्या किती जणांनी राखली?

१९०१ मध्ये शाहजहान बेगम गेल्या. पैशाअभावी काम रखडलं. १९७१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि १९८५ मध्ये पूर्ण झालं. पूर्ण झालेली मशीद काही त्यांना बघायला मिळाली नाही. निदान त्यांचं नाव तरी आपण विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

अहिल्याबाईंचं नाव आपण घाटाघाटावर घेतो, म्हणून ते घरोघरी पोचलं. नाव घेतलं तरच टिकतं. तेव्हा पुढच्या सहलीत घुमटासमोर फोटो जरूर काढा, पण ‘कोणी बांधलं?’ हेही विचारा. आणि उत्तरात बाईचं नाव आलं, तर लेकीला ते दोनदा सांगा.