इंजिनाला हात लावायचा की नाही?



गेल्या ऑक्टोबरात पावसाने तोंड फिरवले. पऱ्हाटीला बोंडे धरलेली, शेततळ्यात एका भिजवणीपुरते पाणी आणि वीज रात्रीची. म्हणून आमच्या एका कार्यकर्त्याने कोठ्यात पडलेले पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बाहेर काढले. टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला, एअर काढली. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झाले. दहा मिनिटे चालले आणि गुदमरल्यासारखे होऊन बंद पडले. थोडे थांबून हँडल मारले, पुन्हा सुरू. पुन्हा दहा मिनिटांनी बंद.

तालुक्याहून मिस्त्री आणला. त्याने इंजिनाकडे पाहण्याआधी माणसाकडे पाहिले. "कोणी सांगितलं होतं हात लावायला? पंप गेला." पंप काढून नेला, चार दिवसांनी बिलासकट परत आणला, बसवला. दहा मिनिटांनी इंजिन बंद!

दोष होता टाकीच्या झाकणात. डिझेल हिंदकळून सांडते म्हणून झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचे रबर कापून बसवले होते. त्या रबराने झाकणाचे बारीक छिद्र बुजले. टाकीतले डिझेल खाली उतरते, तेव्हा त्याच्या जागी वरून हवा यावी लागते. ती येईना, म्हणून डिझेल उतरेना. इंजिन थांबले की कुठून तरी थोडी हवा शिरायची आणि पुढची दहा मिनिटे निघायची. रबर काढले, इंजिन दिवस मावळेपर्यंत चालले. पण तोवर पाते आणि लहान बोंडे गळून सरीत पडली होती.

ते रबर कापून देणारा मी होतो. कृषी पदवीधर! कॉलेजात फोर स्ट्रोक इंजिनाची आकृती रंगीत पेन्सिलींनी काढून मी गुण मिळवले. पाना हातात आला तो चळवळीत आल्यावर. ही कबुली आधी देतो, कारण पुढे दोन्ही बाजूंना बोलायचे आहे.

पहिले बोलणे "शेतकऱ्याने हात लावू नये" म्हणणाऱ्यांशी. बागायतदाराची पाण्याची एक पाळी चुकली तर तो पुढच्या पाळीची वाट पाहू शकतो. कोरडवाहूवाल्याजवळ असते एकच पाणी. रब्बी ज्वारीला ते पीक पोटरीत असताना द्यावे, असे आम्हीच शिफारशीत सांगतो. इंजिन नेमके त्याच आठवड्यात बंद पडते, कारण वर्षभर झाकून ठेवलेली सगळ्या तालुक्याची इंजिने त्याच आठवड्यात बाहेर निघतात. मिस्त्री एक, इंजिने पन्नास. हात लावू नका, तर मग पोटरीला सांगायचे काय, मिस्त्री येईपर्यंत थांब म्हणून?

कापसाची प्रत व्यापारी ठरवणार, ज्वारीचा भाव अडत्या सांगणार, आता इंजिनाचा आजारही दुसराच ठरवणार. आपण फक्त मोजायचे. मिस्त्री आपला शत्रू नाही, तोही कोरडवाहू घरातलाच पोरगा आहे. माझा राग आहे तो इंजिन विकून मोकळे होणाऱ्यांवर. आमच्या कार्यकर्त्याच्या पेटीत माहितीपुस्तिका सापडली, ती इंग्रजीत. जो इंजिन चालवतो, त्याच्या भाषेत झाकणाच्या छिद्राबद्दल एक ओळ छापायला किती शाई लागते?

दुसरे बोलणे आपल्याशी. "आपल्या हाताने सगळं जमतं" ही फुशारकीही पुरे. हात लावला म्हणून इंजिन बिघडले नाही, अर्धवट लावला म्हणून बिघडले. दुरुस्तीनंतर इंजिन बंद पडले तर आधी आपण काय काय बदलले ते आठवा. मग या क्रमाने पाहा.

१. सुरू होऊन एक-दोन मिनिटांतच बंद पडते : फिल्टर किंवा नळीत हवा आहे. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की आवळा. मग तसेच पंपावर करा. ट्रॅक्टरला फीड पंपाचा हातदट्ट्या मारत हेच करायचे.

२. दहा-पंधरा मिनिटांनी बंद, विसाव्यानंतर पुन्हा सुरू : झाकण सैल करून चालवा. चालले तर दोष छिद्रात. नाही चालले तर टाकीच्या तळाची जाळी आणि कॉक पाहा, गाळ आणि चिंधीचे धागे तिथेच अडकतात.

३. ट्रॅक्टरची एअर काढली तरी परत परत धरते : टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. तिथला जोड सैल असला तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून कोरडा दिसणारा जोड चांगला समजू नका. तांब्याचा वायसर दर वेळी नवा घाला. फिल्टरचे जुने रबरी कडे आतच राहून त्यावर नवे बसले नाही ना, तेही पाहा.

४. तरीही सापडले नाही : स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन डबा उंचावर ठेवा. नवी नळी इंजिनावर थेट फिल्टरला आणि ट्रॅक्टरवर फीड पंपाला जोडा, एअर काढा आणि चालवा. इंजिन चालले तर दोष टाकीत किंवा जुन्या नळीत आहे, पंप निर्दोष! ही चाचणी झाल्याशिवाय कोणालाही पंप खोलू देऊ नका. आम्ही हे केले असते तर चार दिवस वाचले असते.

हद्दही सांगतो. इंजेक्शन पंप आणि नोझल घरी खोलायचे नाहीत. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. ती धार कातडी भेदून आत जाते. जखम सुई टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले आणि अशा अनेक इंजिनांत संगणकावर चालणारी, फार मोठ्या दाबाची डिझेल यंत्रणा आली. तिच्या दाबाच्या नळ्यांना पाना लावायचाच नाही. तिथे दोष शोधायला कंपनीचे यंत्र लागते. म्हणजे कुलूप त्यांचे आणि किल्लीही त्यांचीच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची यंत्रेही होती. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदाच केला : शेतीयंत्र बनवणाऱ्याने सुटे भाग, हत्यारे आणि माहिती शेतकऱ्याला द्यावी. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तिथल्या शेतकऱ्याला जे मागावे लागले, ते इथे न मागता मिळेल काय?

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडतो. एक, विकणाऱ्याने प्रत्येक इंजिनासोबत मराठी माहितीपुस्तिका द्यावी. दोन, वायसर, कडी आणि फिल्टर तालुक्याला मिळालेच पाहिजेत. तीन, हा ठराव आपल्यासाठी : पाण्याच्या पाळीआधी प्रत्येक गावात एक दिवस सगळी इंजिने एकत्र आणून तासभर चालवून पाहायची. मिस्त्रीला त्या दिवशी मजुरी देऊन शिकवायला बोलवायचे.

बैठकीला येताना आपल्या टाकीचे झाकण पाहून या. मी माझे पाहिले आहे.