बारा डॉलरचा सर्व्हर आणि मावशीची वही

अल नहदा अर्धं दुबईत, अर्धं शारजात. मी शारजाच्या बाजूला राहतो, भाडं कमी म्हणून. इथे खांबांवर, बसथांब्यांवर 'बेडस्पेस'च्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. कुणीतरी फ्लॅट भाड्याने घेतो, प्लायवूडचे आडोसे घालतो आणि एकेक खाट पोटभाड्याने देतो. मूळ मालकाचं भाडं थकवून हा गडी गायब झाला, की वेळेवर पैसे भरणारे सगळे सामानासकट रस्त्यावर. स्वस्त सर्व्हरचा बाजार बराचसा असाच आहे.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने पाडलेले तुकडे. एकेक तुकडा वेगळ्या गिऱ्हाइकाला भाड्याने. आपली मंडळं, घरगुती फराळवाले, गावाकडचे छोटे धंदे यांच्या वेबसाइट बऱ्याचदा असल्याच तुकड्यांवर चालतात, कारण कुणाचा तरी भाचा 'आयटीत' असतो आणि फुकटात करून देतो. आमच्या घरातला तो भाचा मी.

चिपळूणच्या माझ्या मावशीचं दुकान जुलै 2021 च्या पुरात गेलं. त्या दिवाळीत मी तिला कोकम, आंबापोळी, फराळाच्या ऑर्डर घेणारी साइट करून दिली. सर्व्हर वर्षाला 12 डॉलर, तीन वर्षांचे एकदम भरले तर आणखी सूट. भरले. 2023 च्या दिवाळीआधी दोन आठवडे सर्व्हर बंद. तक्रारीला उत्तर नाही, चार दिवसांनी त्या कंपनीची स्वतःची साइटही उघडेना. बॅकअप होता. रोज रात्री घेतला जायचा, त्याच सर्व्हरवर! पाचशेच्या वर गिऱ्हाइकांचे पत्ते गेले. मावशी मला काही बोलली नाही. पुरानंतर तिने घरच्या कागदपत्रांची एक प्रत कराडला बहिणीकडे ठेवली आहे. ऑर्डरची वहीसुद्धा ती लिहायची. साइट झाल्यावर मीच म्हटलं होतं, "मावशी, आता वही कशाला?"

आता हे आठवायचं कारण. 2025 च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव जोरात वाढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला आणि बाकीच्यांना महाग पडू लागला. सर्व्हरच्या खर्चात मेमरीचा वाटा मोठा. स्वतःची यंत्रं असलेली कंपनी दर वाढवेल, जुन्या यंत्रांवर काही दिवस भागवेल. पण दुसऱ्याकडून सर्व्हर घेऊन तुकडे विकणारा, ज्याने गिऱ्हाइकांकडून तीन-तीन वर्षांचे पैसे आधीच घेतलेत, त्याला महिन्याचं भाडं मात्र नव्या दराने भरावं लागतं. तो कशाच्या जोरावर टिकेल? म्हणून या काळात कुणी घसघशीत सूट देऊन अनेक वर्षांचे पैसे एकदम मागत असेल, तर मी त्याच्याकडे दोनदा बघेन. इथे वर्षाचं भाडं एका चेकने दिलं तर घरमालक सूट देतो, पण तेव्हा आपल्या हातात सरकारदरबारी नोंदलेला करार असतो. इथे हातात एक ईमेल.

कंपनीचा नोंदणी क्रमांक दाखवला म्हणून हुरळून जाऊ नये. ब्रिटनमध्ये ऑनलाइन कंपनी नोंदवायला एप्रिल 2024 पर्यंत अवघे 12 पौंड लागायचे. पण त्याच सरकारी साइटवर कंपनी कधी निघाली, हिशेब वेळेवर भरते का, हे फुकट दिसतं. ते बघावं. भारतीय कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर. सर्व्हरचा आयपी पत्ता कुणाच्या नावावर आहे, हेही उघड असतं: आशियासाठी एपनिक, युरोप आणि आखातासाठी राइप. दुसऱ्याचं नाव दिसलं तर ती फसवणूकच असं नाही, फक्त आपण पोटभाडेकरू आहोत हे कळतं. आणि पैसे भरण्याआधी रात्री-अपरात्री एक तांत्रिक प्रश्न विचारून बघा. विक्रीचा माणूस दोन मिनिटांत बोलतो, तांत्रिक माणूस आहे की नाही ते तेव्हाच समजतं.

भारतातल्या सर्व्हरबाबत आणखी एक. सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता तपासून पाच वर्षं ठेवायचा आहे. त्यामुळे मुंबईचा सर्व्हर विकणारा काहीच विचारत नसेल, तर तो नियम पाळत नाही एवढं नक्की. अशाने कधी कारवाई झाली की बंद आपलं दुकान पडणार.

एवढं सगळं तपासूनही खात्री नाहीच. जून 2009 मध्ये ब्रिटनच्या व्ही-ए-सर्व्ह या स्वस्त कंपनीवर हल्ला होऊन सुमारे 1 लाख साइट पुसल्या गेल्या. कंपनीने बोट दाखवलं ते हायपरव्हीएम या सॉफ्टवेअरकडे, जे बनवलं होतं बेंगळुरूच्या एलएक्सलॅब्सने. बऱ्याच गिऱ्हाइकांनी बॅकअप नसलेली स्वस्त योजना घेतली होती. बरं, ती छोटी कंपनी होती म्हणावं, तर ओव्हीएच ही युरोपातली मोठी, नावाजलेली कंपनी. 10 मार्च 2021 ला तिची स्ट्रासबर्गमधली एक इमारत जळून खाक झाली. एका ग्राहकाने पैसे मोजून बॅकअप घेतला होता, तोही त्याच इमारतीत! 2023 मध्ये लिलच्या व्यापारी न्यायालयाने त्याला 1 लाख युरोहून जास्त भरपाई द्यायला लावली. ते वाचताना मला माझाच सर्व्हर आठवला. कंपनी पारखण्यात मी जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा तरी दुसरी प्रत कुठे आहे यावर घालवायला हवा होता.

सध्या मावशीची साइट महिन्याला 5 डॉलरच्या सर्व्हरवर आहे, पैसे महिन्याच्या महिन्याला. रोजची प्रत दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीकडे जाते, त्या खात्याचा ईमेलही वेगळा. महिन्यातून एका शनिवारी ती प्रत मी लॅपटॉपवर उतरवून खरंच उघडते का ते बघतो. मागच्या खेपेला उघडली नाही, पासवर्ड बदलून मी तो लिहून ठेवायचा विसरलो होतो. मावशीला फोन केला. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता.