अजून कोडच लिहितोस?

चिखलोलीचा डेव्हलपर पंधरा वर्षं ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठतो. अप्रेझलला आणि सोसायटीत प्रश्न एकच: ‘अजून कोडच लिहितोस? मॅनेजर कधी होणार?’

हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या सर्व्हिस कंपन्या माणसांचे तास विकतात. खाली स्वस्त फ्रेशर भरपूर, वर मोजके मॅनेजर, असा पिरॅमिड असला की नफा सुटतो. मधला अनुभवी माणूस या हिशेबात महाग पडतो. मग त्याला एक्सेलच्या रकान्यांत बसवतात आणि त्यालाच ‘ग्रोथ’ म्हणतात.

जेक्वेरी २००६ची, रिअ‍ॅक्ट २०१३चं. फ्रेमवर्क येतात, जुनी होतात. पण डेटाबेस कुठे अडकेल, कोणता कोड लिहूच नये, हे वर्षानुवर्षं बग निस्तरूनच कळतं. म्हणून तर अनेक प्रॉडक्ट कंपन्यांत स्टाफ, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी वेगळी शिडी असते.

माणसं सांभाळायची आवड असेल तर जरूर मॅनेजर व्हा. पण केस पिकले म्हणून सर्जनच्या हातातली सुरी कोणी काढून घेत नाही. पुढच्या इंटरव्ह्यूत पगाराआधी विचारा: तुमच्याकडे चाळिशीत कोड लिहिणारे किती जण आहेत?