पत्रिका सोडली, आता रक्त तपासा

विदर्भातील आपल्या वस्त्यांना सिकलसेल हा शब्द आता नवा नाही. लेकराचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात. कुणी वात म्हणते, कुणी बाहेरची बाधा म्हणते. अंगारे-धुपारे करण्यात पैसा जातो आणि मोलाचे दिवसही जातात. आदिवासी बांधवांत आणि विदर्भातील बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हा दोष आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. यात कुणाचे पाप नाही की कुळाला कलंक नाही. वाहक मुले मलेरियातून अधिक वाचतात, म्हणून हा गुण मलेरियाच्या मुलखात टिकला, हे १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी दाखवून दिले.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या विळ्यासारख्या पेशींची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे हे सिद्ध केले. शास्त्र कळले, पण लेकरे मरतच राहिली. प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट यांच्यामध्ये पूल नव्हता. तो रुग्णांनीच बांधला. अमेरिकेत २१५ लहानग्यांच्या आईबापांनी एका अभ्यासाला होकार दिला. १९८६ साली निष्कर्ष आला : रोज तोंडाने पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. तेच औषध आज आपल्याकडील रुग्णांनाही दिले जाते. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. त्यासाठी रक्त वरचेवर तपासावे लागते.

मग गरिबाने कुठल्याही संशोधनाला डोळे मिटून हो म्हणावे काय? मुळीच नाही. त्याच अमेरिकेत, टस्कीगी येथे, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० काळ्या गरीब पुरुषांना त्यांचा आजार सांगितला गेला नाही. पेनिसिलिनने तो बरा होतो हे कळल्यावरही ते त्यांना दिले नाही. अमेरिकेतले सिकलसेलचे रुग्णही बहुतेक काळेच. एका ठिकाणी माणसाला विचारले, म्हणून औषध मिळाले. दुसऱ्या ठिकाणी माणसाला फसवले, म्हणून घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली.

आपल्या देशात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. तुम्हाला समजेल अशा भाषेत सर्व माहिती मिळाली पाहिजे. लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. नीतिसमितीची मंजुरी हवी. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे. हे विचारल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका.

आता घरचे काम. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तीत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. वस्तीत शिबिर आले तर मुलांना घेऊन जा. सोल्युबिलिटी चाचणीत दोष निघाला तर तेवढ्यावर थांबू नका. मूल वाहक आहे की रुग्ण, हे पुढच्या चाचणीतच कळते.

लग्न जुळवताना आपण पत्रिका सोडल्या, ते बरेच केले. आता मुलाची आणि मुलीची, दोघांचीही रक्ततपासणी करा. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक मुलगी निघाली म्हणून तिला नाकारणाऱ्याने आधी आपले रक्त तपासून यावे.

आणि घरात रुग्ण असेल तर माय-बहिणींनो, एक वही ठेवा. ताप कधी आला, कळा कधी आल्या, रक्त कधी चढवले, कोणते औषध सोसले नाही, ते तारखेनिशी लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. दवाखान्यात गेल्यावर ती वही डॉक्टरांपुढे उघडा. तुमच्या लेकराचा त्रास तुमच्याइतका कुणीच पाहिलेला नसतो.