‘दिस’ शिकवण्याआधी ‘हे’ पाहा

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या जुन्या मराठी घरांतले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी. त्याच्या वहीत ‘दिस बुक्स’ दिसले की आपण लाल रेघ मारतो, वर ‘दीज’ लिहितो आणि पुढची वही घेतो. चूक तशीच राहते, कारण तिचे मूळ इंग्रजीत नाही.

मराठीत ‘हे पुस्तक’ एक आणि ‘हे मुलगे’ अनेक. ‘ही मुलगी’ एक आणि ‘ही पुस्तके’ अनेक. बोलण्यातल्या हिंदीत ‘यह’ जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘ये किताब’ आणि ‘ये किताबें’, दोन्हीकडे ‘ये’च. म्हणजे नुसत्या दर्शकावरून वचन कळेल, याची या मुलाला सवयच नाही. ‘बुक’चे ‘बुक्स’ केले तेव्हाच त्याच्या लेखी वचन सांगून झाले. इंग्रजीत ते दर्शकातही दाखवावे लागते. या तिन्ही भाषांतल्या जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. उच्चारही करून घ्या : ‘दिस’चा स्वर आखूड, ‘दीज’चा लांब, आणि शेवटचे व्यंजनही वेगळे. बऱ्याच मुलांना हे दोन शब्द एकसारखेच ऐकू येतात.

‘दिस माय बुक’चेही तेच. ‘हे माझे पुस्तक’ हा मराठीत निर्दोष शब्दसमूह; इंग्रजीत मात्र दर्शक आणि ‘माय’ एका नामापुढे एकत्र बसत नाहीत, ‘दिस बुक ऑफ माइन’ म्हणावे लागते. आदरार्थी ‘हे माझे वडील’ मनात ठेवून कुणी ‘दीज आर माय फादर’ लिहिले, तर त्यामागचा आदर आधी ओळखावा आणि मग वाक्य सुधारावे.

जवळ-दूरचा भेद शिकवण्यात मात्र आपण नको इतक्या तासिका घालवतो. संस्कृत पाठशाळेतल्या विद्यार्थ्याला चार पायऱ्या ठाऊक असतात : इदम् जवळचे, एतद् त्याहून जवळचे, अदस् दूरचे, तद् नजरेआडचे. त्याला इंग्रजीच्या दोन पायऱ्या जड नाहीत. तो वेळ तुलनेच्या वाक्यांना द्या. वाराणसीच्या घाटांची तुलना थेट ‘नाशिक’शी होते आणि ‘दोज ऑफ नाशिक’ राहून जाते, ही चूक पदवीधरांच्या लेखनातही सापडते.

विद्यार्थ्याजवळ असलेल्या व्याकरणावरून नवे शिकवण्याची परंपरा याच शहरात आहे. जेम्स बॅलन्टाइन यांनी १८३९ मध्ये इंग्रजांसाठी मराठीचे व्याकरण लिहिले. पुढे ते १७९१ साली स्थापन झालेल्या बनारस संस्कृत कॉलेजचे प्रमुख झाले आणि त्यांनी ‘लघुकौमुदी’ हे संस्कृत व्याकरण इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले.

शिक्षकमित्रांनो, या सत्रात दर्शकांचा धडा वचनापासून सुरू करा. मुलांच्या वह्यांतली चुकलेली वाक्ये नावे गाळून आमच्याकडे पाठवा, आणि प्रत्येक वाक्याशेजारी त्या मुलाची घरची भाषा अवश्य लिहा.